दस्तुरीच्या पलीकडे

माथेरानला येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, मग ती कोणाचीही असो. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. चालत या, घोड्यावर बसून या, अमन लॉज स्टेशनवर मिनी ट्रेनची शटल पकडा, नाहीतर रिक्षा मिळाली तर तिच्यातून या. स्वतःची गाडी मात्र नाक्याच्या आत येत नाही. रुग्णवाहिकेसारखं निकडीचं वाहन तेवढं अपवाद. फेब्रुवारी 2003 मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि ही जुनी रीत कायद्यानं आणखी पक्की झाली.

मी नेरळची. माथेरानमधल्या एका लहान, जुन्या लॉजचं काम बघते. बुकिंग घेणं, स्वयंपाकघराचा हिशेब ठेवणं, खालून माल मागवणं, खोल्यांची गळती पावसाआधी काढून घेणं आणि पाहुण्यांची तयारी असेल तर पहाटे त्यांना रानातून फिरवून आणणं, अशी सगळी कामं माझ्याकडे असतात. या कामात शिरले तेव्हा माथेरान म्हणजे थंड हवा आणि पॉइंट, एवढंच डोक्यात होतं. नेरळच्या माणसाला डोंगर रोज दिसतो, त्यामुळे तो वेगळा बघावासा वाटत नाही.

फोनवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "मॅडम, गाडी हॉटेलपर्यंत येते ना?" नाही म्हटलं की पलीकडचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "मग आईला कसं आणायचं? गुडघे दुखतात तिचे." पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. दुसऱ्याचं उत्तर इतकी वर्षं काम करूनही मला विचार करून द्यावं लागतं. मुंबईपासून दोन तासांवर एक गाव आहे, जिथे हॉर्न ऐकू येत नाही, पोर रस्त्यावर सुटलं तरी आईचा जीव दचकत नाही आणि रात्री पानांचा आवाज खोलीत येतो. लोक यासाठीच येतात. पण ही शांतता रोज कुणीतरी डोक्यावरून, पाठीवरून, हातांनी ओढून वर आणत असतं. ती कुणाच्या जिवावर उभी आहे हे पाहुण्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दस्तुरीवर सामान उचलणाऱ्या बाया बघा. पायथ्याच्या वाड्यांमधून पहाटे निघून त्या वर येतात. शहरातली माणसं आता सगळी चाकांच्या बॅगा आणतात. विमानतळाच्या फरशीवर सुळकन धावणारी ती चाकं इथल्या लाल मातीत दहा पावलांत रुततात. पाहुणे दोन मिनिटं ओढाताण करतात आणि मग हाक मारतात. बाई येते, बॅग आडवी करते, हँडल आत ढकलते. पदराची नाहीतर जुन्या फडक्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवते. एक गुडघा टेकून बॅग मांडीवर घेते, दुसरी बाई हात लावते आणि एका दमात ती बॅग डोक्यावर जाते. मग वरून दुसरी. एक लहान पिशवी दंडात. ती चालायला लागली की मान हलत नाही, नजर समोर. वाटेत झाडांची मुळं वर आलेली असतात, दगड असतात, घोडे येत असतात, पण पायांना सगळं ठाऊक असतं. अशाच एका बाईबरोबर मी पुष्कळदा दस्तुरीहून लॉजपर्यंत आले आहे. वाटभर ती मुलीच्या कर्जतच्या कॉलेजबद्दल बोलत असते, फी कधी भरायची, बस चुकली की काय करायचं. वीस-पंचवीस किलो डोक्यावर असताना तिचा श्वास माझ्यापेक्षा सरळ चालतो.

लॉजच्या पायरीशी पोचल्यावर मात्र घासाघीस सुरू होते. खोलीचे हजारो रुपये आधीच भरलेले असतात आणि पन्नास रुपयांवरून आवाज चढतो. हे बघताना मला फार लाज वाटायची, म्हणून आता बुकिंगच्या निरोपातच सामानाचा चालू दर लिहून पाठवते आणि खाली लिहिते की हा ठरलेला आहे. भांडणं त्यानं बरीच कमी झाली.

सामानाचं हे असं, तसंच बाकी सगळ्याचं. आमच्या स्वयंपाकघरातला गॅस घोड्यावरून येतो. मालवाहू घोड्याच्या दोन्ही अंगांना सिलिंडर बांधलेले असतात. सिमेंटच्या गोणी, विटा, रेती, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, कांदे-बटाटे, गाद्या, सगळं असंच येतं, नाहीतर हातगाडीनं. नळाचं पाणीही सगळं डोंगरावरचं नाही. शार्लोट तलाव पुरा पडत नाही, म्हणून खालून नेरळकडून पंपानं पाणी चढवावं लागतं. त्यामुळे कुणी जेवणाचं बिल बघून "नेरळला हेच निम्म्यात मिळतं" असं म्हणालं की मी त्यांना एकदा मागच्या दारी नेते. घोड्यावरून पोती उतरताना बघितली की ते पुढे काही बोलत नाहीत. पाण्याची बादली अर्धी ठेवा, असं मला वेगळं सांगावं लागत नाही.

पाटीवर इतिहास असतो तो मॅलेटसाहेबापासून. ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर मे 1850 मध्ये चौक गावाच्या बाजूनं चढून वर आले, त्यांना हवा आवडली, त्यांनी बंगला बांधला आणि मग मुंबईच्या गोऱ्या आणि श्रीमंत पारशी-बोहरी घरांनी इथे वस्ती केली. हे खरंच आहे. पण धनगर, ठाकर, कातकरी या डोंगरात त्याआधीपासून राहत होते आणि साहेबाला वाट दाखवणारं कुणीतरी असणारच. याच माथेरानात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे वीर भाई कोतवाल, वकील झाले, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आमच्याकडे येणाऱ्या शाळेच्या सहलींना पॉइंटांची इंग्रजी नावं पाठ असतात, कोतवालांचं नाव शंभरात दोघांना माहीत असतं. मी प्रत्येक सहलीला त्यांची गोष्ट सांगते. मुलं ती फार लक्ष देऊन ऐकतात, खास करून त्यांनी विजेचे मनोरे पाडल्याचा भाग.

मिनी ट्रेनबद्दल सगळ्यांना प्रेम असतं आणि ते योग्यच आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांनी आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीनं 1904 ते 1907 या काळात हा दोन फुटी रूळ डोंगरावर चढला. नेरळ ते माथेरान साधारण एकवीस किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत गाडी दोन-अडीच तासांत वर येते. चढ इतका, वळणं इतकी, की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसतं. पण आम्हाला गाडी दिसते ती बुकिंगच्या वहीत. 2005 च्या जुलैतल्या अतिवृष्टीनं रूळ उखडले, ते पुन्हा जोडून गाडी सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसानं पुन्हा तेच केलं आणि नेरळहून पूर्ण गाडी सुरू झाली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. गाडी बंद असली की साधी कुटुंबं यायची कमी होतात. टॅक्सी, मग शटल किंवा घोडा, मग सामान, असा प्रत्येक टप्प्यावर खर्च वाढत जातो आणि कल्याण-बदलापूरचा माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. चणे-शेंगदाणे विकणाऱ्यापासून चपला शिवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्याची झळ बसते.

आता पॉइंटांकडे येते. माथेरानला तीसहून जास्त पॉइंट आहेत. घोडेवाले आणि वाटाडे त्यांची गाठोडी बांधून विकतात, सकाळी इतके, दुपारी इतके, शेवटी सनसेट. त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांना दोष नाही. पण पाहुणे दुपारी जेवायला येतात तेव्हा त्यांचे चेहरे दमलेले असतात आणि पुष्कळ जण म्हणतात, "सगळे पॉइंट सारखेच वाटले हो." वाटणारच. प्रत्येक ठिकाणी रान संपून कडा सुरू होतो, कठडा असतो, लिंबू सरबत असतं, समोर दरी. बघण्यासारखं जे आहे ते एका पॉइंटाहून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. डोक्यावर जांभळं, अंजनी, हिरडे असे एकमेकांत गुंतलेले, की मे महिन्यातल्या भर दुपारीही वाटेवर ऊन सांडत नाही. हे रान टिकलं कारण इथे रस्ते रुंद झाले नाहीत. गाड्या आल्या असत्या तर वळणं कापली गेली असती, पार्किंगसाठी झाडं गेली असती. सह्याद्रीतल्या दुसऱ्या थंड हवेच्या गावांत काय झालं ते आपण शनिवार-रविवारच्या रांगांत बसून बघतोच.

माझी आवडती वाट पॅनोरमा पॉइंटची. गावापासून सगळ्यात लांब, उत्तरेच्या टोकाला. तिथे पहाटे जायचं. आम्ही अंधारात बॅटऱ्या घेऊन निघतो. पहिला अर्धा तास कुणी बोलत नाही, कारण झोप असते. नंतर कुणी बोलत नाही, कारण बोलावंसं वाटत नाही. मेच्या अखेरीला, वळवाची एखादी सर पडून गेलेली असेल, तर वाटेत शीळकरी कस्तूर ऐकू येतो. काळानिळा, ओढ्याच्या कडेच्या दगडांत राहणारा पक्षी. त्याची शीळ हुबेहूब माणसाची. नवीन माणूस मागे वळून बघतो, कोण येतंय म्हणून. ती चाल ठरलेली नसते, मनात येईल तशी वळते, मध्येच तुटते, पुन्हा धरते. एकदा मुंबईच्या एका शाळेतली पोरं बरोबर होती, अखंड बडबडणारी. कस्तूर सुरू झाला आणि त्यातल्या एकानं हातानंच सगळ्यांना थांबवलं. पुढची कितीतरी मिनिटं ती मुलं जिथल्या तिथे उभी होती. मग वरच्या फांद्यांतून शेकरूचा कर्कश आवाज आला आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. तपकिरी-लालसर अंग, लांब झुबकेदार शेपूट, एका झाडावरून दुसऱ्यावर घेतलेली लांब उडी. आपल्या राज्याचा प्राणी, चित्रात सगळ्यांनी बघितलेला. एका मुलीनं मला विचारलं, "हा रोज इथेच राहतो?" होय म्हटलं. काटक्यांचं घरटंही दाखवलं. तिला ते फार आवडलं, की हा प्राणी आपल्यासाठी आणून ठेवलेला नाही, त्याचं इथे घर आहे.

पॅनोरमाला पोचलं की खाली नेरळ, उल्हास नदीची चमकती रेघ, डाव्या अंगाला पेबचा किल्ला, त्यामागे चंदेरीकडे गेलेली डोंगराची धार. सूर्य भीमाशंकरच्या रांगेवरून येतो. मला खाली माझं घर कुठे असेल ते साधारण कळतं. पाहुण्यांना मी ते दाखवते तेव्हा त्यांना गंमत वाटते, की या बाई रोज एवढं चढून कामाला येतात.

लाल माती हा इथला जुना वाद. मे महिन्यात हजारो पावलं आणि खूर पडून तिचा भुगा होतो, त्यात घोड्यांची लीद मिसळते आणि ती धूळ नाकातोंडात जाते. दमेकऱ्यांना खरोखर त्रास होतो. पावसात तीच माती धुपून ओढ्यांतून वाहून जाते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. म्हणून पेव्हर ब्लॉक हवेत असं म्हणणारे आहेत. नकोत म्हणणारेही तितकेच आहेत, कारण ब्लॉकवर घोडा घसरतो आणि एकदा रस्ता गुळगुळीत झाला की त्यावर काय काय धावायला लागेल याची भीती आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 च्या निकालात सांगितलं की दस्तुरीपासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक घाला, पण त्याखाली काँक्रीट नको, आणि आतल्या वाटांना हात लावू नका. मला हे पटतं. सामान वाहणाऱ्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला पायाखाली सपाट वाट मिळावी आणि रान रानासारखं राहावं. दोन्ही एकाच गावात जमू शकतं.

त्याच निकालात हातरिक्षांबद्दलही होतं. त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

हातरिक्षा म्हणजे दोन चाकांची गाडी. पुढे एक जण दांड्या धरून ओढतो, मागून एक किंवा दोघे ढकलतात. चढावर सगळ्यांचीच छाती भरून येते. उतारावर काम आणखी अवघड, कारण तेव्हा गाडी सुटू नये म्हणून पुढच्या माणसाला सगळं अंग मागे टाकून, टाचा मातीत रुतवत उतरावं लागतं. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका काकांच्या टाचा मी बघितल्या आहेत. भेगा इतक्या खोल, की त्यांत लाल माती कायमची बसलेली. पन्नाशीतच त्यांचे गुडघे गेले. फोनवर ज्या आईच्या गुडघ्यांची चौकशी होते, तिला आणणाऱ्या माणसाचे गुडघे असे होते.

सोलापूरकडच्या एक आजी आमच्याकडे आल्या होत्या. मुलानं हातरिक्षा ठरवली. लॉजच्या आधी एक चढ आहे, तिथे आजींनी रिक्षा थांबवायला लावली आणि उतरल्या. म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या वयाचा माणूस मला ओढतोय, मला नाही बसवत." ओढणारे काका कासावीस झाले. "आजी, बसा हो. तुम्ही उतरलात तर लोक म्हणतील आम्ही उतरवलं. आमचं पोट यावर आहे." आजी बसल्या नाहीत. रिक्षेची कड धरून हळूहळू चालत आल्या, काका रिकामी रिक्षा ओढत बाजूनं. पैसे पूर्ण दिले, वर काकांच्या हातात बेसनाचे लाडू दिले. काकांनी ते घेतले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी दारात उभी होते. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनाही वाईट वाटत होतं.

म्हणून 2022 मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. शाळेतली लहान मुलं, जी रोज कितीतरी चालत होती, ती रिक्षेतून जायला लागली. दवाखान्यात जाणारी माणसं बसली. ओढणारे हात हँडलवर आले. मग पुढे चाचणी थांबली, पुन्हा वाद झाले, पुन्हा कोर्ट. रिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूनं लढणाऱ्यांनी चिकाटी सोडली नाही. 2024 मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की ई-रिक्षा फक्त हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात. परवाना असलेल्या हातरिक्षा तेव्हा 94 होत्या. आणि 6 ऑगस्ट 2025 ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितली आणि त्या माणसांचं पुनर्वसन ई-रिक्षा देऊन करा असं सरकारला बजावलं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही.

घोडेवाल्यांचा विरोध मी जवळून ऐकला आहे. त्यांची भीती खोटी नाही. आज वीस रिक्षा, उद्या दोनशे, परवा टॅक्सी, असं ते म्हणतात. एका घोड्यावर एक घर चालतं. घोड्याला पावसाळ्यात काम नसलं तरी चारा, नाल, औषध चुकत नाही. त्यांच्याशी बसून हे ठरवायला हवं, त्यांना वगळून नाही. माझं स्वतःचं मत असं, की ई-रिक्षा जेवढ्या माणसांच्या हातून दांड्या सुटायला हव्यात तेवढ्याच असाव्यात, त्यांच्याच नावावर असाव्यात आणि त्या मुख्य रस्त्यावर थांबाव्यात. पॉइंटांवर त्यांनी जाऊ नये. तिथे पाय आणि घोडा. धट्टीकट्टी माणसं रिक्षेच्या रांगेत उभी राहिली आणि आजारी माणूस ताटकळला तर या सगळ्याचा उपयोग काय? आमच्या पाहुण्यांना मी सरळ सांगते, तुम्हाला चालता येतंय ना, मग चाला.

दक्षिणेकडच्या पॉइंटांवर, वन ट्री हिल किंवा चौक पॉइंटला गेलं, की समोर इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या पोटाशी इर्शाळवाडी होती, ठाकरांची. गडावर जाणारे ट्रेकर तिथे चहा प्यायचे, पिठलं-भाकरी खायचे. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली आणि वाडीचा मोठा भाग माणसांसकट गाडला गेला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडची एक बाई कामावर आली नाही, तिच्या माहेरच्या नात्यातलं घर त्यात गेलं होतं. आता त्या पॉइंटांवर लोक सुळका पाठीशी घेऊन फोटो काढतात. काढू देत, पण मी तिथे थांबून ही गोष्ट सांगते. या डोंगरांच्या उतारांवर माणसं राहतात. आपलं सामान उचलणाऱ्या, रानमेवा विकणाऱ्या, पहाटे अंधारात आपल्याच वाटेनं चढून येणाऱ्या. पाऊस आपल्याला धबधबा म्हणून आवडतो. त्यांना तो रात्रभर जागं ठेवतो.

पावसाळ्यात माथेरानला एका दिवसाची गर्दी फार वाढली आहे. नेरळहून पूर्ण गाडी तेव्हा बंद असते, शटल हवामान बघून चालते. धुकं असं की दहा फुटांवरचं झाड दिसत नाही. कडा कुठे संपतो ते स्थानिक माणसालाही अंदाजानं कळतं. मग कठड्यावर चढून मोबाईल धरणं म्हणजे जिवाशी खेळ. शार्लोट तलावात उतरू नका अशा पाट्या आहेत, तरी पोरं उतरतात. ते गावाचं पिण्याचं पाणी आहे आणि त्यात माणसं बुडाली आहेत, एवढी दोन कारणं पुरेशी असायला हवीत. बाजूला पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे बसून पाणी बघावं. खरं तर पाऊस थांबून गेल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढचे काही आठवडे, इथे सगळ्यात सुंदर असतं. ओढे वाहत असतात, माती बसलेली असते, गर्दी नसते. तेव्हा खोल्या रिकाम्या असतात आणि मला फोन करून लोकांना बोलवावंसं वाटतं.

यायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत या आणि निदान दोन रात्री राहा. एका दिवसात पॉइंट मोजून होतात, रान कळायला दुसरी सकाळ लागते. बॅग लहान आणा. पाण्याची बाटली घरून आणा, आमच्याकडे भरून मिळते. वेफरचं पाकीट माकडाच्या हातात जाऊ देऊ नका आणि रिकामं झालेलं प्लास्टिक खाली नेरळला न्या, कारण इथला कचराही कुणाला तरी वाहून न्यावा लागतो. घोडा केलात तर त्याच्या मालकाला बरोबर चालू द्या, घोडा पळवू नका. आणि दस्तुरीवर बाईनं तुमची हलकी बॅग उचलली तर वजन कमी आहे म्हणून तिचे पैसे कमी करू नका.